उजव्या बुटातली गादी

१२ नोव्हेंबर २०१५

आज गोगाबाबाच्या टेकडीवर घसरलो! फार नाही, गुडघा खरचटला. बायको, कालिंदी, गेल्यापासून पहिल्यांदाच गेलो होतो — अर्ध्यावरूनच परत. संध्याकाळी लेकीचा, भानूचा, पुण्याहून फोन. "नाना, चपला घालून टेकडी? नीट बूट घ्या, नाहीतर टेकडी बंद!" बोलणं थेट आईचं.

वीस तारखेला कालिंदीचा वाढदिवस. दरवर्षी आम्ही वर जायचो. यंदाही जायचंच.

१४ नोव्हेंबर

बूट आणले. एक नंबर मोठे! लहानपणी आई पाचोडच्या बाजारात "वाढता पाय हाय" म्हणत मोठेच घ्यायची, पुढं कापूस कोंबायची. पंचाहत्तरीत मीही तेच केलं. टाच आत वरखाली होते, जिना उतरताना बोटं पुढं आदळतात. एकटाच हसलो. रिकाम्या घरात हसणं किती मोठं ऐकू येतं.

१५ नोव्हेंबर

अंघोळीहून आलो. फरशीवर ओली पावलं. कुणी ओरडलं नाही.

१६ नोव्हेंबर

पैठण गेटला बूट बदलायला गेलो. मुद्दाम संध्याकाळी — तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दुकानदार युनूसभाईंनी जाड मोजे घालायला लावले, उतरत्या फळीवर उभं केलं. बोटं भिडली नाहीत, टाच हलली नाही. मग दुकानात इकडून तिकडं चालवलं. चालताना ओठांवर शाळेतली कविता — पोलीस ॲक्शननंतर, निजामाची उर्दू शाळा मराठी झाल्यावर, शिकलेली पहिली. पावलं आपोआप तिच्या तालात पडतात. तिसरी ओळ आठवेना. ती कालिंदी सांगायची.

"चाचा, गाना अच्छा है, पन एक बाजू झुकरे तुम." माझी जुनी चप्पल त्यांनी उलटी करून दाखवली. उजवीची बाहेरची कड पार झिजलेली! उजव्या बुटात एक पातळ गादी बसवून दिली. "अब चलके देखो." खरंच, ताठ चाललो. शाळेतल्या कवायतीसारखा!

१७ नोव्हेंबर

भानूला फोनवर कौतुकानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाना, आईचा गुडघा... ती तुमच्या उजव्या दंडावर भार टाकूनच चालायची ना."

हो की. इतकी वर्षं. मला वाटायचं, मी नुसताच चालतोय.

२० नोव्हेंबर

वर जाऊन आलो. बूट उत्तम, पाय कुठं घसरला नाही. गादी पायथ्याशीच काढून खिशात टाकली होती.