दोनशे एकावा दिवस

ती. आत्या,

दुरूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही, न थांबता किती पायऱ्या चढतेस ते कळव.) मी बरी आहे. जेवते, झोपते, वजन तेवढंच आहे.

मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. बाबांना अजून माहीत नाही. गेल्या पाच वर्षांत या देशाबाहेर दोनशेपेक्षा जास्त दिवस काढलेले नसावेत, अशी इथली अट आहे. कारखान्यांचे वजनकाटे खरं दाखवतात की नाही हे तपासणं माझं काम, त्यामुळे घरच्या सहाही फेऱ्यांचा तक्ताच करून नेला. एकूण एकशे पंच्याण्णव दिवस. समोरच्या अधिकाऱ्याची बेरीजही तीच आली. त्याच्या मागे भिंतीवर दरवर्षी किती परके इथले झाले याचा आलेख होता (रेघ उंच चढलेली, पण आलेख शून्यापासून सुरूच केलेला नव्हता, म्हणून ती जरा जास्तच उंच दिसत होती, हे मी बोलले नाही). तो ड्रॉवरमध्ये शिक्का शोधू लागला. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून तेवढ्यात मी अर्जाची मागची बाजू वाचली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रवासाला निघाल्याचा दिवसही बाहेरच धरावा. सहा फेऱ्या, सहा दिवस. मी ते त्याला दाखवलं.

“जाऊ द्या हो,” तो म्हणाला. पण तोवर मी ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. त्याने बोटांवर मोजलं. दोनशे एक. शिक्का ड्रॉवरमध्ये परत गेला.

“वीस वर्षं इथे बसतोय,” तो म्हणाला, “दिवस कमी करा म्हणून भांडणारे रोज येतात. वाढवून घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. बाई, आमची रेघ चांगली वर चाललीये, तिला कशाला खाली ओढता?”

मग त्यालाच माझी दया आली असावी. घरच्या माणसाने अडवून ठेवलं असेल तर एक दिवस माफ होतो म्हणाला. मात्र अडवणाऱ्याचं सहीचं पत्र हवं.

तुझी,
भाची

ता. क. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा, निघायच्या दिवशी ‘आजच्या दिवस थांब’ म्हणून त्यांनी मला तिकीट बदलायला लावलं होतं. तेवढंच दोन ओळींत त्यांच्याकडून लिहून घे. पत्र कशासाठी ते विचारतील. मग ‘म्हणजे आता ही आपली राहिली नाही’ असं म्हणतील आणि पेपर उघडून बसतील. त्यावर काय बोलायचं ते तू ठरव. तू त्यांची थोरली बहीण आहेस, तुझ्यासमोर त्यांचा आवाज चढत नाही.

ता. क. २. आजारपणामुळे थांबवलं असं लिहू देऊ नकोस. त्या दिवशी ते ठणठणीत होते. आम्ही संध्याकाळपर्यंत पत्ते खेळलो आणि ते सरळसरळ चोरून पानं बघत होते.

ता. क. ३. तसं पाहिलं तर पत्राची गरज नाही. अकरा आठवड्यांनी माझी सगळ्यात जुनी फेरी पाच वर्षांच्या बाहेर पडते आणि बेरीज आपोआप अटीत बसते. हे बाबांना सांगू नकोस.