मऊ नाकाच्या स्की

बहमन महिना, ७
आधी टपकली ती शेजारची तूबा. म्हणे पातेलं परत द्यायला आलेय – पातेलं तिचंच होतं. बघायच्या होत्या माझ्या पाहुण्या. माडीवर दूरच्या तबरीझ शहरातल्या दोघी उतरल्यात, नेगीन आणि शरारे. चहाचे तीन पेले रिचवून तूबा विचारते, "केस जांभळे कशाला गं यांचे?" म्हटलं, बर्फात हरवल्या तर सापडाव्यात म्हणून. मग गेली.

बहमन ८
माझ्या नातीला, माहरुखला, त्यांनी उतारावर पाहिलं. नेगीन म्हणाली, "आजी, पोरीच्या अंगात गंमत आहे, पण पायांत फळ्या आहेत." खरंय. आजोबांच्या शर्यतीच्या स्की त्या, लांब आणि ताठ. सरळ पळायला बऱ्या. या मुलींचं वेगळंच – सगळा भार स्कीच्या नाकावर टाकायचा, नाक वाकलं की शेपटी उचलून गरकन फिरायचं. पावावर लोणी फासतो तसं. नावही लोणीच ठेवलंय! ताठ नाक वाकत नाही, मग माहरुख तोंडावर.

शरारेनं आपली जादा जोडी दिली तिला. मऊ. बूट अडकवायची जागा बरोबर मधोमध. दोन गिरक्या मारल्या पोरीनं. मी कुंपणाशी उभी, घरात चुलीवर राजम्याचं दाट सार, आश, करपलं. करपू दे.

बहमन ९
पाहुण्या गेल्या, स्की ठेवून. सतराला, गुरुवारी, परत येऊन बघणार. जमलं तर माहरुखला त्यांच्या संघात घेणार. आईबाप गेल्यापासून ही पोर एवढी हसली नव्हती. आनंदात जेवलीसुद्धा नाही. मला मात्र दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

बहमन १२
पाहुण्यांची वस्तू, नीट ठेवायला हवी. माहरुखला न सांगता स्की फरामर्झभावजींकडे नेल्या. चाळीस वर्षं आमच्या शेमशक गावातल्या स्कींना तेच धार लावतात. "वहिनी, कडा बघा, पार बोथट. शहरातल्या पोरींना काय कळतंय." नाकापासून शेपटीपर्यंत कानस मारून दिली. मी त्यांना अक्रोड दिले.

बहमन १३
पडली. गिरकी अर्ध्यावर आणि कड बर्फात रुतली. गुडघा टम्म.

माहरुखनं मग सांगितलं – शरारेनं नाकाच्या कडा मुद्दाम बोथट केल्या होत्या, फिरताना बर्फात अडकू नयेत म्हणून. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मला हे कोण सांगणार? माहरुख भांडली असती तर बरं वाटलं असतं. "राहू दे आजी. तुला काय ठाऊक," एवढंच म्हणाली. हळद आणि अंड्याचा बलक बांधला. भावजींनी कडा परत बोथट करून दिल्या, मान वर न करता. गुडघ्याचं काय करू?

बहमन १५
सूज थोडी उतरली. जिन्यावर लंगडते. अंडी संपली.

बहमन १७
आल्या. दारातच सगळं सांगून टाकलं, चूक माझी म्हणून. शरारेनं ओठ उचलून खोटा दात दाखवला. "पहिल्या वर्षी मीपण धार लावून घेतली होती, आजी."

माहरुख उतरली. मला बघवेना, मी तूबाचा हात धरला. एकच गिरकी घेतली, पण पुरी. "अगं, हात सोड, मोडशील," तूबा म्हणाली.

बहमन १८
उद्या शनिवारी परत येतो म्हणून गेल्या. माहरुखला न्यायला. संघ तबरीझला राहतो, म्हणजे पोर दोन हिवाळे तिकडेच. संघात घेणार म्हणजे काय ते मला आज कळलं – आणि "हो" तर तिच्याआधी मीच म्हणून बसले.