काचेच्या आत

सीब, गुरुवार

प्रिय केयूर,

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, तू परमनंट आहेस, तुला कोण हात लावतंय?" मी नुसती हसले. अरे, सोमवारी मलाही कपातीचं पत्र मिळालं. साहेबांनी समोर बसवून चहा दिला, तीन महिन्यांची मुदत दिली, अकरा वर्षांच्या कामाचं कौतुक केलं.

तुझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. इथे आखातात, माझ्याच बँकेच्या आयटीत एजन्सीमार्फत लागलेला तू. त्या सकाळी बँकेच्या दारात तुझं कार्डच चालेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, "खलास, भाई." मी तेव्हा मीटिंगमध्ये होते, असं तुला सांगितलं. नव्हते रे. काचेच्या आत, पंधरा पावलांवर उभी होते. बाहेर आले तर आपलं नातं वरच्यांना कळेल आणि माझंही नाव यादीत जाईल, याची भीती वाटली.

आज तुझ्याच टीममधल्या मनालीचं कार्ड बंद पडलं. मी उठले, बाहेर गेले, टॅक्सी येईपर्यंत तिच्याजवळ पायरीवर बसले. ती म्हणाली, "मॅडम, आत जा, तुमच्या नोकरीवर येईल."

"ती गेलीच आहे गं," मी म्हटलं.

नोकरी शाबूत असती तर उठले असते का? खरंच माहीत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. पुढच्या महिन्यात रजेवर चिपळूणला येतेय, तुझ्यासमोर बसून सांगेन. मग हवा तेवढा रागाव. फक्त आधी पोटभर जेवू दे.

तुझी,
नयनाताई