टिचबटण

४ जून

चि. बॉबिनला अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत. ओळी तिरप्या जातील, पण शिंप्याच्या हातचं तिरपं तू चालवून घेशील.

रेडिओ पुन्हा बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो, सेल उलटे घातले होते. जन्मभर कापडाची सुलट-उलट अंगठ्याने ओळखली, मला सेल कळत नाही होय? सेलला एका टोकाला बोंड असतं. डब्यात स्प्रिंगची खोबण असते. बोंड खोबणीत. टिचबटण असंच लागतं.

तुझ्या दादाने हे ऐकून तोंड पाडलं. म्हणाला, आज सेल उलटे, उद्या गॅस उघडा राहील. महिनाअखेरीस येतो, कुलूप लावून मला घेऊन जातो म्हणतो. त्याच्या घरी कशाला तोटा नाही. पण इथे मशीन कुठे, मोरी कुठे, हे पायांना ठाऊक आहे. तिथे मी आंधळा होईन.

रेडिओ पार्सलने पाठवला आहे. कॉलेजात काय शिकवतात ते कळू दे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

बाबा

१३ जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मीही अक्षरं मोठी काढली आहेत, कडेने वाचा. दोरा एवढा आवळला होता की मैत्रिणीने विचारलं, आत चोर आहे का.

बाबा, दुरुस्तीवाला बरोबर आहे. बोंड स्प्रिंगच्या विरुद्ध टोकाला लागतं. सेल म्हणजे टिचबटण नव्हे. पण तुमचा अंगठा आता माझं ऐकणार नाही, म्हणून मी रेडिओलाच समजावलं.

आम्हाला सध्या अर्धवाहक शिकवतात. तांबं वीज जाऊ देतं, रबर देत नाही. सिलिकॉन दोघांच्या मधलं. अगदी शुद्ध असेल तर फारसं उपयोगी नाही. त्यात मोजकी भेसळ करावी लागते. एका तुकड्यात एका जातीची, शेजारच्यात दुसरीची. दोन्ही जुळतात तिथे एक उंबरठा तयार होतो. एका बाजूने थोडा जोर लावला की वीज तो ओलांडते. उलट बाजूने आली तर अडते. याला डायोड म्हणतात. तुमच्या मशीनचं चाक उलटं फिरवलं की दोरा तुटतो. इथे चाक उलटं फिरतच नाही.

एक डायोड लावला असता तर रेडिओ जळला नसता, पण मुका राहिला असता. म्हणून चार लावले. सेल कसेही घाला, त्यातले दोन वाट देतात, दोन अडवतात. रेडिओपर्यंत वीज सुलटच पोचते. दोन उंबरठे ओलांडताना थोडी वीज खर्च होते, म्हणून एक सेल जास्त लागेल. डबा मोठा केला आहे. फक्त सगळे सेल एकाच पद्धतीने घाला. तेवढं तुम्ही करताच.

गॅसचं मात्र दादाला तुम्हीच पटवा. तिथे माझा डायोड चालणार नाही.

माया आहे तशीच असू द्या.

बॉबिन

२९ जून

चि. बॉबिनला अनेक आशीर्वाद.

रेडिओ वाजतो. बातम्या पूर्वीसारख्याच वाईट आहेत.

दादा येऊन गेला. बॅग मोठी आणली होती, माझे कपडे भरायला. आल्याआल्या सेल काढून माझ्या हातात दिले. मी टिचबटणासारखे लावले. रेडिओ लागला. त्याने डबा उघडून पाहिला, पुन्हा पाहिला. म्हणाला, उलटे आहेत. मी म्हटलं, हो. मग वाजतो कसा? भेसळीमुळे, मी सांगितलं. तुझं पत्र त्याला वाचायला दिलं.

वाचून झाल्यावर चहा करा म्हणाला. केला. दिसत नसलं तरी ज्योत ऐकू येते, आणि गॅसची कळ बंद करायला मी कधीच विसरत नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मला कडेने दिसत होता. हे त्याला ठाऊक नसावं. चहा प्यायला. साखर जास्त झाली म्हणाला. कुलपाचं बोलला नाही. दर रविवारी येईन म्हणाला.

बॅग रिकामीच परत नेली. निघताना, मी मोरीत आहे असं समजून, डब्यातले सेल गुपचूप सुलट करून ठेवले.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. मग पुन्हा माझ्या पद्धतीने लावले.

तुम्हा दोघांवर लोभ आहे, सुलटही, उलटही.

बाबा