हिरवा पुडा आणि परत केलेली जागा

सोमवार, ४ मार्च २०२४, शिन्चू, तैवान

रोजनिशी लिहावी इतके माझ्या आयुष्यात काही घडत नाही. तरीही लेखणी उचलते आहे, त्याबद्दल या कोऱ्या पानाची क्षमा मागते.

चहा घुसळणारे आमचे यंत्र आज चाचणीत थांबले. पेला अर्धा, पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे स्मृतीत नको त्या जागी हात घातल्याची तक्रार. विभागप्रमुख ग्वो दादांनी पडद्याकडे पाहिलेच नाही. यंत्राच्या डोक्यावरचा खाऊचा हिरवा पुडा उचलला. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून तो इथे प्रत्येक यंत्रावर असतो — हिरवाच, मुदत न उलटलेला.

“मावशी, हा इतका हलका कसा?”

च्यांग मावशी प्रयोगशाळा सांभाळतात. एकोणीस वर्षे पुडे त्याच बदलतात. “मी भरलेलाच ठेवला होता हो.”

आत नुसती हवा. मागे चिकटपट्टी.

चिकटपट्टी मी लावली होती.

मंगळवार, ५ मार्च

गेल्या गुरुवारी जेवणाची वेळ टळली होती. पुड्यातला एकच दाणा खायचा, असे ठरवले होते.

ग्वो दादा म्हणाले, “शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक येतंय. तोवर यंत्र चाललं नाही, तर मावशी, तुम्ही गोदामात.”

मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “पोरी, तू शिकलेली. उंदीर कधी चिकटपट्टी लावतो का गं?”

“नाही,” मी म्हटले. खोटे बोलवत नाही. खरेही बोलवले नाही.

दहावीला विज्ञानात अठ्ठ्याण्णव गुण होते मला. दोष आम्ही लिहिलेल्या आज्ञावलीतच असणार. तो सापडला की मावशी सुटतील, आणि पुड्याचा विषय निघणारच नाही.

बुधवार, ६ मार्च

नवा पुडा. ग्वो दादांनी हात जोडले. सहाव्या पेल्याला यंत्र बंद. “नवीन आहे, रुळू द्या त्याला,” म्हणाले.

गुरुवार, ७ मार्च

यंत्र थांबते ते नेहमी ग्वो दादांच्या पेल्यानंतर. त्यांनी पथ्य धरले आहे: अर्धी साखर सांगतात, मग मागणी रद्द करून बिनसाखरेचा मागतात.

पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. तीत चहा नसतो; मागणी स्मृतीत कुठे ठेवली आहे, एवढेच असते. यंत्राने त्या पत्त्यावर जाऊन मागणी वाचायची. मागणी रद्द झाली की जागा परत करतात. आमच्याकडे जागा परत होते, पण चिठ्ठी पुसली जात नाही! यंत्र जुन्याच पत्त्यावर जाते. कधी जुनी मागणी तशीच पडलेली असते आणि सारे सुरळीत भासते. कधी तिथे भलतेच काही येऊन बसलेले असते.

हे मला ग्रंथांतून नव्हे, त्या पुड्यावरून उमगले. बाहेरून पुडा जसाच्या तसा. आत हात घातला की काही नाही.

उपाय एका ओळीचा: जागा परत करताच चिठ्ठी कोरी करावी, आणि कोरी चिठ्ठी घेऊन कुठेही जाऊ नये.

हा भाग बहुधा ग्वो दादांनीच लिहिला आहे. वडीलधाऱ्यांची चूक दाखवणारे पत्र कसे लिहावे? चार मसुदे झाले. चारही अतिशय नम्र. पुड्याचा उल्लेख एकातही नाही.

मावशी खोकी भरू लागल्या आहेत.

शुक्रवार, ८ मार्च

पत्राला पुरावा जोडावा म्हणून ती चुकीची ओळ कोणी लिहिली याची नोंद उघडली. नाव माझे. चौदा नोव्हेंबर.

पाचवा मसुदा तीन वाक्यांचा: ओळ माझी. पुडा मी खाल्ला. मावशींना हलवू नये.

ग्वो दादांना, प्रत साऱ्या विभागाला. पाठवले: ८ मार्च २०२४, सकाळी ९ वाजून १७ मिनिटे.