टबातलं लाल पाणी

नेवेना,

चुलीवर घेवड्याचं कालवण आहे. स्तोयान आला की दोघं जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

मी रादकाच्या होणाऱ्या सासूकडे, विहीणबाईंकडे चालले आहे. सकाळी तू बेकरीत गेल्यावर, तिच्या लग्नात नवऱ्याकडच्यांना द्यायचे, मी विणलेले मोजे जरा उजळावेत म्हणून पाण्यात टाकले. मी घरीच रंगवलेल्या लाल लोकरीने सगळा रंग सोडला. पांढरी नक्षी गुलाबी झाली. तू म्हणाली होतीस, "आई, आधी एक मोजा धुऊन बघा, मग बाकीचे विणा." तुझा धुतलेला नमुन्याचा मोजा चुलीपाशी वाळत होता, तेव्हा मी शेजारच्या पेंकाला मुद्दाम हाक मारून दाखवला होता, "बघ गं, आमची सून चिंध्या धुवत बसलीय!"

मी टबापाशी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात विहीणबाई मोजे न्यायला दारात हजर. मी तुझी पेटी उघडली आणि तू आपल्याकडच्या माणसांसाठी विणलेले मोजे त्यांच्या हातात ठेवले.

"काय हात आहे हो तुमचा!" त्या म्हणाल्या.

मी नुसती हसले, नेवेना. वर त्यांना घोटभर राकिया दारूही पाजली.

आता जाऊन सांगते, हात माझ्या सुनेचा आहे.

टबातलं लाल पाणी मात्र ओतू नकोस. येताना पेंकाला घेऊन येते. तिलाही बघू दे.

झ्लाता