खिडकीजवळची फळी

मी, शेषगिरी हयवदन राव, वय एकाहत्तर, जीवशास्त्रज्ञ, राहणार बसवनगुडी, बेंगळूरू, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे नाही, म्हणून ही घाई. वकिलांनी इंग्रजीत लिहा असे सुचवले होते. पण पुढे जे लिहायचे आहे त्याची लाज मला घरच्या भाषेतच वाटते, म्हणून मराठी.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नी कल्पना हिच्या, आणि तिच्या पश्चात मुलगी ईरा हिच्या. कल्पना पुण्याहून या घरात आली तेव्हा आमचे कानडी वळणाचे मराठी ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. आता भाजीवाल्याशी तीच कानडीत "स्वल्प कम्मी माडी" म्हणून भावावरून हुज्जत घालते. घर तिने सांभाळले. मी त्यात फक्त राहिलो.

२. शेजारी गुरुप्रसाद यांना काहीही देऊ नये. त्यांची गाडी कायम आमच्या फाटकासमोर उभी असते, आणि भांडायला गेले की ते कॉफी पाजतात. कॉफी चांगली असते, हे नमूद करतो.

३. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी एकेक करून वेगळ्या करण्याची काचेची सुई, मी स्वतः ज्योतीवर ओढून केलेली, ईराला द्यावी. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत संगणकावर काम करते, तिला उपयोग शून्य. पण लहानपणी ही सुई हरवल्याबद्दल मी तिला फार बोललो होतो. सुई माझ्याच खणात निघाली.

४. माझी विद्यार्थिनी सौम्या हिच्या नावे मी काहीही ठेवत नाही. कारण शेवटी सांगतो. आधी झाले ते.

यीस्टची पेशी वाढते आणि मग दुभंगते. कधी दुभंगायचे, हे कायनेज नावाची प्रथिने ठरवतात. एक कायनेज पेशीला "चल पुढे" म्हणते. दुसरे त्या पहिल्यावर फॉस्फेट चिकटवून त्याला धरून ठेवते: थांब, अजून अंगाने भरली नाही. या धरून ठेवणाऱ्यावर माझी हयात गेली. आमच्या एका वाणात ते नाजूक आहे. पंचवीस अंशांना नीट काम करते. उष्णता वाढली की निकामी होते, आणि पेशी लहान असतानाच दुभंगतात.

बाकीचे लोक अशा पेशी वाढवायच्या काचेच्या प्लेटा ठरावीक तापमानाच्या पेटीत ठेवतात. मी आयुष्यभर खिडकीजवळच्या फळीवर ठेवत आलो. बेंगळूरूची हवा म्हणजेच पंचवीस अंश, त्याला यंत्र कशाला, ही माझी बढाई. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सौम्या म्हणाली, "सर, फळीवर स्वल्प जास्तच तापतंय. पेटीत ठेवू का?" मी म्हणालो, "बेंगळूरूची हवा तू मला शिकवणार?"

तिच्या पेशी बारीक निघाल्या. प्रयोगशाळेच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मी म्हणालो की हिने वाणांची सरमिसळ केली, हिच्या हाताला शिस्त नाही. पीएचडी अर्ध्यात टाकून ती होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागली.

यंदा चैत्रात घरी इडलीचे पीठ फुगून ओट्यावर उतू गेले. कल्पना म्हणाली, "अहो, आता पीठ बाहेर ठेवायचे दिवस राहिले नाहीत. पूर्वीचं बेंगळूरू आहे का हे?" मी तसाच प्रयोगशाळेत गेलो आणि फळीवर तापमापक ठेवला. तेहेतीस अंश. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि चोर मी.

चुकीची लाज वाटतेच. त्याहून जास्त लाज याची वाटते, की त्या बैठकीत एवढे लोक होते आणि फळी तापते हे मला सांगण्याची कुणाची छाती झाली नाही. जिने सांगितले तिची मी ही गत केली. चूक माझी होती, असे संस्थेला मी लेखी कळवले आहे. तिला तोंडाने सांगायला होसकोट्याला गेलो आणि कारखान्याच्या फाटकावरून रिक्षा परत वळवली. असा भित्रा माणूस इतरांना शिस्त शिकवत होता.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून सौम्याला काही नाही. तिने साक्षीदार व्हावे, त्या बैठकीतले सगळे लोक असावेत, आणि हे कलम मी मोठ्याने वाचावे, अशी माझी इच्छा आहे. त्यानंतरच मी सही करीन. तिच्या जागी दुसरा कोणी मला चालणार नाही. कल्पना विचारते, "आणि ती आलीच नाही तर? घर काय वाऱ्यावर सोडणार?" तर हा कागद कच्चा राहील. निरोप ईराने द्यावा आणि आग्रह करू नये. माझा आवाज ऐकला तर सौम्याला यावेच लागेल असे वाटेल, आणि तसे मला नको आहे.

वरील मजकूर मोठ्याने वाचला गेल्यावर साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळूरू
दिनांक: ७ डिसेंबर २०२५

(सही) शेषगिरी हयवदन राव

साक्षीदार:

१. (सही) गुरुप्रसाद, शेजारी. आज पाहुणे येणार म्हणून गाडी हलवली आहे.

२. (सही) सौम्या, होसकोटे. कलम ४ सरांनी वाचायला घेतले. "हिच्या हाताला शिस्त नाही" इथे आल्यावर त्यांना पुढे वाचवेना. तिथून मी वाचले.